शेरा

चित्रकलेचे तास कमी झाले,
म्हणून कपाटाची किल्ली माझ्याकडे आली.
बऱ्हाटे सर म्हणाले, पुस्तकं मोजून घ्या,
कमी भरली तर तुमच्या पगारातून.
याच भीतीने दहा वर्षं
कुणी ती मोजली नव्हती.
उघडलीही नव्हती.
कुलपाला आधी खोबरेल, मग रॉकेल, मग वरवंटा.

आता कपाट नाही.
केळीचे खोके आहेत, निर्यातीचे, जाड पुठ्ठ्याचे,
आडवे, एकावर एक, व्हरांड्यात,
पाचवीच्या पोरांच्या कमरेइतके उंच.
पुस्तकांना कच्च्या केळीचा वास लागतो.
लागू दे.

नियम एकच:
परत करताना रजिस्टरच्या शेरा रकान्यात
एक वाक्य लिहायचं.
‘छान आहे’ चालणार नाही.

वाघ खोटा वाटतो. हर्षाली फेगडे, पाचवी.
पान सत्तावीसवर कोणाचं तरी वरण सांडलंय, पण गोष्ट कळते.
बाबांना वाचून दाखवलं, ते झोपले, मग मी हळू आवाजात संपवलं.
आणि सुमली बारेला, आठवी:
यात आमच्यासारखं कुणीच नाही. दुसरं द्या.

त्या ओळीखाली मी सही केली
आणि रात्री बराच वेळ जागा राहिलो.

दुसरं शोधताना या बाई सापडल्या, सातारच्या.
पुस्तकात डोंगर होता, पाडा होता, मोहाचं झाड होतं.
एकच प्रत. अडतीस पोरं.
पत्र टाकलं. उत्तर आलं:
गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही,
पण पडद्यावर येते.

शुक्रवार, अकरा वाजता. साडेबाराला वीज जाते.
प्रोजेक्टर सोसायटीचा, पडदा म्हणजे माझ्या घरची चादर,
एका कोपऱ्यात इस्त्रीचा डाग.
डोंगरकठोऱ्यात आमच्या शाळेला रेंज
फक्त गच्चीवरच्या टाकीवर,
तीही यावलकडे तोंड केलं तर.
माझा फोन घेऊन कुणीतरी वर बसायला हवं होतं.
रुबाब तडवी, सातवी ब, म्हणाला, मी धरतो.
पुस्तकाचा नंबर त्याचा शेवटचा होता.
ते त्याच्या दप्तरात होतं.
तेव्हा माझ्या लक्षात नाही आलं.

बाई आल्या, पहिली दोन मिनिटं तोंड उघडं ठेवून थिजल्या.
पोरं हसली. मग त्या हलल्या, त्याही हसल्या.
हर्षालीने विचारलं, तुम्ही वाघ बघितलाय का?
नाही, बाई म्हणाल्या.
मग?
बाई गप्प.
आम्ही खिडकीतून ओरडलो, रुबाऽऽब, नीट धर!
वरून आवाज आला, नीटच हाये सर!
रेंज होती.
बाई विचार करत होत्या.

मग सुमली उभी राहिली, ओढणीचं टोक पिळत:
तुमच्या पुस्तकात मोहाची फुलं संध्याकाळी वेचतात.
ती पहाटे वेचतात.
बाईंनी इकडेतिकडे चाचपून पेन शोधलं,
चश्मा लावला,
परत सांग म्हणाल्या,
आणि लिहून घेतलं.
अख्ख्या वर्गाने पाहिलं,
इस्त्रीच्या डागाशेजारी
एक लेखिका आपली चूक लिहून घेताना.

साडेबाराला पंखा थांबला, बाई गेल्या.
चादर नुसती चादर झाली.

रुबाब शिडीवरून उतरला. कान लाल,
चड्डीला टाकीचं शेवाळ,
एका हातात माझा तापलेला फोन,
दुसऱ्यात पुस्तक, मधे बोट घातलेलं,
अगदी शेवटाजवळ.
तुला काही दिसलं नाही रे, मी म्हणालो.
नै, तो म्हणाला. आयकू बी नै आलं.
मग पायरीवर बसून त्याने उरलेली चार पानं संपवली.
डबा खायला सगळे गेले होते.

रजिस्टर त्याने स्वतःच ओढून घेतलं.
तारीख. नाव. परत.
शेरा रकान्यात, रेघेच्या बाहेर जात:

बाई खूप वेळ बोलल्या. मधे एकदापण कट झालं नाही.